लीड टाइम आणि कोकणचे आठ महिने

एखादी वस्तू, सेवा किंवा परवानगी मागितल्यापासून ती वापरण्याजोग्या स्थितीत हाती पडेपर्यंत जो काळ जातो, त्याला लीड टाइम म्हणतात. व्याख्येतला ‘वापरण्याजोग्या स्थितीत’ हा भाग सहसा निसटतो. नौकेचे इंजिन मुंबईहून मालवणात येऊन पडले, पण ते बसवणारा मेकॅनिक पुढच्या आठवड्यात मोकळा होणार असेल, तर इंजिनाचा लीड टाइम अजून संपलेला नाही. सुरुवातीच्या टोकालाही असाच घोळ असतो. मालक दिवस मोजतो ते फोन केल्यापासून. पुरवठादार मोजतो ते आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्यापासून. मधल्या आठ-दहा दिवसांना कोणी धनी नसतो आणि उशिरावरून होणारी निम्मी भांडणे तिथेच जन्माला येतात.

लीड टाइम म्हणजे वस्तू बनवायला लागणारा वेळ नव्हे. त्यात निर्णय घेणे, दरपत्रके मागवणे, पैशांची सोय, पुरवठादाराकडची रांग, प्रत्यक्ष उत्पादन, वाहतूक, तपासणी आणि जोडणी असे सगळे टप्पे येतात. यांतला उत्पादनाचा भाग बहुधा सर्वांत छोटा असतो. कुडाळच्या एखाद्या सुतारशाळेचे उदाहरण घेता येईल. समजा, तिथे आठवड्याला तीन दरवाजे तयार होतात आणि बारा दरवाजांची मागणी आधीच नोंदलेली आहे. नव्या गिऱ्हाइकाचा दरवाजा दोन दिवसांत होण्यासारखा असला, तरी त्याची पाळी चार आठवड्यांनी येते. रांगेतले काम भागिले कामाचा वेग म्हणजे सरासरी थांबण्याचा काळ, हे सूत्र जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केले. ते रेल्वेच्या तिकीट खिडकीला जसे लागू पडते तसेच तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयालाही. म्हणून “काम किती दिवसांचे?” हा प्रश्न नियोजनात अपुरा ठरतो. “तुमच्याकडे आधीची कामे किती?” हेही विचारावे लागते.

वेळापत्रकाच्या शास्त्रात लीड या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. एक काम पूर्ण होण्याआधीच त्यावर अवलंबून असलेले दुसरे काम जितके दिवस अलीकडे सुरू करता येते, त्या आघाडीलाही लीड म्हणतात. भिंती चौकटीच्या उंचीवर आल्या की माप घेऊन खिडक्या करायला टाकता येतात. घर पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. याच्या उलट, एक काम संपल्यावर दुसरे सुरू करण्याआधी जो सक्तीचा थांबा घ्यावा लागतो, तो लॅग. काँक्रीट हे त्याचे ठळक उदाहरण. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात. सहा मीटरहून लांब तुळईला एकवीस दिवस लागतात. हे दिवस मजूर वाढवून कमी होत नाहीत. आघाडी कमावता येते, थांबा मात्र सोसावाच लागतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात या सगळ्या हिशेबावर एक गोष्ट स्वार असते, ती म्हणजे पावसाळा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात काही तारखा ठरलेल्या आहेत. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही थांबतात. हे ९८ दिवस झाले. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. चिरेखाणींत पाणी साचते आणि जांभा काढणे थांबते. ओल्या भिंतींवर रंग धरत नाही. ऑक्टोबरात पाऊस पुरता मागे फिरेपर्यंत बाहेरचे कोणतेही काम भरवशाचे नसते. म्हणजे वर्ष बारा महिन्यांचे असले, तरी उघड्यावरच्या कामाला हाती लागतात ते जेमतेम आठ महिने.

याचा परिणाम असा की इथे उशिराचा दर सरळ नसतो. पुण्यात किंवा नाशिकमध्ये एखादे साहित्य वीस दिवस उशिरा आले, तर काम साधारण वीस दिवस पुढे जाते. मालवणात एप्रिल-मेमधले वीस दिवस हुकले, तर काम ऑक्टोबरवर जाते. किनाऱ्यावरच्या नियोजनातली जवळजवळ प्रत्येक चूक या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होते.

सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन कुरटे बेटावरच्या कामाला सुरुवात झाली ती २५ नोव्हेंबर १६६४ या दिवशी. काम हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होते आणि ते तीन वर्षांच्या आसपास चालले. तटाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगितले जाते. शिसे, लोखंड, चुना, धान्य, माणसे, सगळे होडीने बेटावर न्यायचे, तेही भरती-ओहोटी सांभाळून. नोव्हेंबरच्या अखेरीस सुरुवात केल्याने शांत समुद्राचे सलग सहा महिने हाती आले. हेच काम एप्रिलमध्ये सुरू झाले असते, तर महिना-दीड महिन्यात उधाणाने अर्धवट पाया धुऊन नेला असता. त्या हिशेबाचे कागद उपलब्ध नाहीत. पण समुद्राच्या बांधकामाचा मुहूर्त पावसाळ्यापासून किती दूर आहे, हे तारखेवरूनच दिसते.

शेवटची तारीख अढळ असेल, तर हिशेब आजपासून पुढे न करता त्या तारखेपासून मागे करावा लागतो. तारकर्ली-देवबाग पट्ट्यात एखाद्या कुटुंबाला चार खोल्यांची निवास-न्याहारी व्यवस्था सुरू करायची आहे आणि दिवाळीच्या पर्यटकांसाठी ती १५ ऑक्टोबरला उघडायची आहे, असे समजा. आतला रंग आणि शेवटची जोडणी पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून. वायरिंग, नळजोडणी, फरश्या ही कामे पावसाळ्यात छपराखाली होतात. म्हणून छप्पर २५ मेपर्यंत पक्के हवे. स्लॅब २० एप्रिलला ओतला, तर टेकू ४ मेपर्यंत निघतात आणि वरच्या जलरोधनाला तीन आठवडे मिळतात. त्याआधी भिंतींना दोन महिने, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. जोते आणि पाया डिसेंबर-जानेवारी. चिऱ्यांची मागणी खाणी सुरू होताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कारण तेव्हा साऱ्या तालुक्याला चिरे हवे असतात आणि ट्रक मोजकेच असतात. याचा अर्थ बांधकामाची परवानगी ऑक्टोबरच्या आत हाती हवी आणि तिच्यासाठीचे अर्ज त्या आधीच्या पावसाळ्यात गेलेले हवेत. चार खोल्यांसाठी दीड वर्ष.

आता या वेळापत्रकात स्लॅब वीस दिवस पुढे ढकलला असे धरून पाहू. १० मेला ओतलेल्या स्लॅबचे टेकू २४ मेला निघतील. जलरोधनाला जेमतेम एकच दिवस उरेल, गळक्या छपराखाली वायरिंग करता येणार नाही, आणि उरलेले काम ऑक्टोबरात सुरू होऊन खोल्या डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत उघडतील. वीस दिवसांच्या उशिराने दिवाळीही गेली आणि नाताळही.

यात २५ मे ही तारीख तरी पक्की का धरावी, हा प्रश्न उरतोच. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मालवण-देवगड भागात झाडे, छपरे आणि विजेचे खांब पडले आणि वीजपुरवठा कित्येक दिवस विस्कळित राहिला. हंगामाचे शेवटचे दहा दिवस त्या वर्षी नव्हतेच. २०२५ मध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत आला. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. हंगामाचे दुसरे टोकही तितकेच हलते. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस क्यार वादळाने किनारा झोडपला. म्हणून नियोजनात छपराची तारीख २५ मे न धरता १० मे धरावी. पंधरा दिवसांची ही राखीव मुदत पाहणाऱ्याला आळस वाटते. तौक्तेच्या वर्षी तिच्यातले दहा दिवस वादळाने खाल्ले असते, पण छप्पर त्याआधीच पक्के झालेले असते.

सर्वांत लांब लीड टाइम असतो तो कागदांचा. कोकणात त्यातला पहिला कागद सातबारा. जमीन सामाईक असते, उताऱ्यावर आजोबांच्या भावंडांची नावे असतात, त्यांतले काही जण हयात नसतात, आणि वारस गिरगाव, डोंबिवली, बडोदा असे विखुरलेले असतात. वारसनोंद, मग फेरफार, फेरफारावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग सगळ्यांची संमती. सह्या मिळण्याचा खात्रीचा काळ म्हणजे गणपती, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात. गणपतीत सही राहिली, तर पुढची खात्रीची संधी शिमग्याला. असा लीड टाइम कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही, पण वेंगुर्ला ते विजयदुर्ग कितीतरी घरे त्याच्यामुळे पडीक उभी आहेत.

त्यानंतर किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न. यासंबंधीच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी भरतीरेषेपासून आणि खाडीपासून किती अंतरात काय करता येते हे ठरवले आहे. मालवण परिसरात १९८७ पासून २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्यही आहे. मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांत कायद्याने लिहिलेल्या मुदती हाच लीड टाइमचा मोठा वाटा असतो. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाला सहा महिने, प्राथमिक अधिसूचनेपासून घोषणेपर्यंत १२ महिने आणि घोषणेपासून निवाड्यापर्यंत आणखी १२ महिने अशा कमाल मर्यादा आहेत. या मुदती ‘कमाल’ असल्या, तरी शहाणा नियोजक त्या पूर्ण लागतील असेच धरतो. जे अर्ज एकमेकांवर अवलंबून नाहीत ते एकाच दिवशी दाखल करणे, ही लीड टाइम कमी करण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. एका टेबलावरून कागद परत आल्यावर दुसऱ्या टेबलावर न्यायचा ही सवय महिनेच्या महिने खाते.

प्रत्येक गोष्टीचा लीड टाइम सारख्याच काळजीने पाहण्याची गरज नसते. कोणत्या उशिराने संपूर्ण काम उशिरा होईल आणि कोणत्या उशिराने काहीच बिघडणार नाही, हे ओळखण्याच्या दोन पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी क्रिटिकल पाथ मेथड मांडली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही पद्धत वापरली. दोन्हींचा गाभा असा: कामांची एकावर एक अवलंबून असलेली जी साखळी सर्वांत लांब, तीच प्रकल्पाची मुदत ठरवते. त्या साखळीतला एक दिवस म्हणजे प्रकल्पाचा एक दिवस. साखळीबाहेरच्या कामांना थोडी सैल जागा असते.

याचे उदाहरण सिंधुदुर्गच्या दक्षिण सीमेला लागूनच आहे. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाले आणि रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पूर्ण करायचे ठरले. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. या कामात लीड टाइमचा विचार सुरुवातीपासून होता. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रूळ टाकत जाण्याऐवजी मार्गाचे भाग पाडून सगळीकडे एकदम काम उघडले गेले. कठीण खडकातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रे मागवली. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल उभा राहिला तो एका टोकाला गाळा ओतून पुढे ढकलत नेण्याच्या तंत्राने, म्हणजे दरीत खालून परांची उभारण्याचा वेळच वगळून.

तरीही मुदत हुकली. गोव्यात मार्गावरून वाद होऊन काही काळ काम अडले. त्याहून चिवट निघाली ती मऊ माती. कठीण कातळातून यंत्रे सहज गेली. पण काही बोगदे पाण्याने भरलेल्या चिकणमातीतून होते, तिथे यंत्र चालेना आणि माणसांनी हाताने इंच इंच खोदायचे, तेवढ्यात वरून माती कोसळायची. त्यांतला पेडणे बोगदा हा जेमतेम दीड किलोमीटरचा. सावंतवाडी रोड स्थानकापर्यंत गाडी उत्तरेकडून येत होती, गोव्यातूनही रूळ तयार होते, पण मधला तुकडा जोडला जाईना. अखेर २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. ७४० किलोमीटरच्या मार्गाची तारीख दीड किलोमीटरने ठरवली. पेडण्याच्या मातीपुढे पानवलच्या पुलावर वाचलेल्या दिवसांचा मार्ग उघडण्याच्या तारखेला काहीच उपयोग झाला नाही. श्रीधरन यांनी पुढे दिल्ली मेट्रोच्या कार्यालयांत उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे लावली ती प्रसिद्धच आहेत.

पेडण्यासारख्या कामात लीड टाइमचा एकच आकडा देणे फसवे असते. पर्ट पद्धतीत म्हणून तीन आकडे विचारतात: सगळे नीट झाले तर किती दिवस, एरवी किती, आणि सगळे बिघडले तर किती. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरीज करायची आणि सहाने भागायचे. चिऱ्यांचा ट्रक लवकरात लवकर ४ दिवसांत, एरवी ७ दिवसांत आणि अडचणीच्या वेळी २२ दिवसांत येत असेल, तर धरायचे दिवस ९ होतात. पुरवठादार मात्र ‘सात’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

दुसरी फसगत संख्येची. स्लॅबच्या दिवशी लोखंड, वाळू, सिमेंट, मिक्सर आणि मजुरांची टोळी या पाच गोष्टी एकत्र हव्यात आणि प्रत्येक गोष्ट दहापैकी नऊ वेळा वेळेवर येते असे धरले, तर पाचही एकदम वेळेवर येण्याची शक्यता ५९ टक्केच उरते. दहा गोष्टी लागणार असतील तर ३५ टक्के. प्रत्येक पुरवठादार भरवशाचा असूनही काम अडते याचे हेच कारण. वाळूचे तर विशेष, कारण खाडीतला उपसा परवान्यांवर आणि लिलावांवर अवलंबून असतो. म्हणून स्लॅबच्या पाच वस्तूंपैकी ज्या टिकाऊ आहेत त्या आठवडाभर आधी आणून ठेवाव्यात. सिमेंट मात्र नाही, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत पोती घट्ट व्हायला लागतात.

साठा किती ठेवायचा हा प्रश्नही लीड टाइमचाच आहे. कोकणात आगोटीच्या दिवसांत तांदूळ, मीठ, मसाला, सुके मासे, लाकूडफाटा भरून ठेवायची चाल होती, ती पावसाळ्यात पुरवठ्याचा लीड टाइम चार महिने असायचा म्हणून. आता दुकाने बारमाही उघडी असतात आणि बेगमी चार महिन्यांवरून काही दिवसांवर आली आहे, पण सूत्र तेच आहे. एखाद्या खानावळीला दिवसाला ८ किलो तांदूळ लागतो आणि घाऊक व्यापाऱ्याकडून माल यायला ५ दिवस लागतात, असे समजा. त्या पाच दिवसांत ४० किलो संपेल. दोन दिवसांची जादा बेगमी म्हणून १६ किलो धरले, तर कोठीत ५६ किलो उरल्या दिवशी फोन करायचा. जुलैत हा आकडा वाढवावा लागतो, कारण भाजीपाला, दूध आणि किराणा घाटावरून, कोल्हापूर आणि बेळगावहून येतो आणि करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांपैकी एखाद्या घाटात दरड आली की पाच दिवसांचे आठ होतात. बारा महिने एकच साठा ठेवणारा एक तर उन्हाळ्यात पैसे अडकवतो, नाहीतर पावसात गिऱ्हाइकाला परत पाठवतो.

नियोजकाने लीड टाइमच्या शेजारी आणखी एक काळ मांडून पाहावा: गरज पक्की कळल्यापासून ती भागवण्याच्या दिवसापर्यंतचा काळ. हा सूचनाकाळ लीड टाइमपेक्षा मोठा असेल, तर खात्रीच्या माहितीवर मागणी देता येते. लहान असेल, तर अंदाजावर द्यावी लागते, आणि अंदाज चुकण्याची किंमत मोजावी लागते. देवगडच्या हापूस बागायतदाराची स्थिती या बाबतीत बरी म्हणायची. फळ धरल्यापासून काढणीपर्यंत साधारण साडेतीन महिने जातात. पेट्या, गवत, मजूर, वाशीच्या बाजारापर्यंतची गाडी, यांपैकी कशालाही इतका काळ लागत नाही. झाडावरची फळधारणा पाहून पेट्या सांगता येतात. हापूसचे कलम लावायचे की नाही, हा निर्णय मात्र निव्वळ अंदाजावर घ्यावा लागतो, कारण कलमाला किफायतशीर फळ धरायला पाचेक वर्षे जातात आणि त्या वेळचा भाव कोणाला माहीत नसतो.

मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. लाखो लोक येतात, पण जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि सुमारे दोन महिने आधी, कधी त्याहून थोडी लवकर, जाहीर होते. २०२३ मध्ये जत्रा ४ फेब्रुवारीला होती, २०२४ मध्ये २ मार्चला, २०२५ मध्ये २२ फेब्रुवारीला. सूचनाकाळ दोन महिने. त्यात काय बसते आणि काय बसत नाही याची वाटणी आपोआप होते. एस.टी.च्या जादा गाड्या, कोकण रेल्वेच्या विशेष गाड्या, मंडप, दुकानांच्या जागा, पोलीस बंदोबस्त हे तारीख जाहीर झाल्यावर होऊ शकते. रस्त्याचे डांबरीकरण, पाण्याची नळयोजना, नवा पूल यांचा लीड टाइम दोन महिन्यांत मावत नाही. ती कामे ‘जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत केव्हाही जत्रा असू शकते’ असे धरून डिसेंबरपूर्वीच संपवावी लागतात. तारीख कळेपर्यंत वाट पाहणाऱ्या यंत्रणेला जत्रेच्या आदल्या रात्री खड्डे बुजवावे लागतात.

गणेशचतुर्थीची तारीख याउलट कित्येक वर्षे आधी माहीत असते, आणि तरीही घाई होते. कारण इथे अडथळा वाळण्याचा आहे. पावसाळ्यातल्या हवेत मातीची मूर्ती सावकाश सुकते. ओल असताना रंग दिला तर पापुद्रे सुटतात. म्हणून गणपतीच्या शाळा चतुर्थीच्या दोन-तीन महिने आधी गजबजतात, आणि गावोगावची घरे आपला पाट वेळेवर नेऊन देतात. पाट पोहोचला म्हणजे मागणी नोंदली गेली. मुंबईहून येणाऱ्यांचा लीड टाइम रेल्वे ठरवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २३ ऑगस्टच्या गाडीचे आरक्षण त्यामुळे २४ जूनला खुले होणार होते. मुदत निम्मी केल्याने गर्दी कमी झाली नाही, ती एप्रिलऐवजी जूनमध्ये झाली.

लीड टाइम कमी करण्याचे उपाय पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक पैशाने विकत मिळतात. दुप्पट मजूर, विमानाने मागवलेला सुटा भाग, दोन पाळ्या. पण पैसे ओतण्याआधी ते काम मुदत ठरवणाऱ्या साखळीत आहे का, हे पाहावे. पैशाशिवायचे उपाय जास्त टिकतात. खिडक्या-दरवाजे ठरीव मापांचे ठेवले तर तयार माल चालतो. मोठी मागणी तुकड्यांत मागवली तर पहिला तुकडा लवकर येतो. सुताराला पावसाळ्यात काम दिले तर त्याची रांग लहान असते. आणि काही काळ आखूडच होत नाहीत: काँक्रीटचे, मातीचे, आंब्याचे. त्यांच्यासाठी आधी सुरुवात करणे हा एकच उपाय आहे. हिशेब चुकीच्या गृहीतावर उभा असेल, तर मोठे उद्योगही कोलमडतात. २०२१-२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपचा लीड टाइम एरवीच्या तीन-साडेतीन महिन्यांवरून सहा महिन्यांच्या घरात गेला आणि साठा न ठेवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या मोटार कंपन्यांचे कारखाने थांबले.

यातले कोणतेही सूत्र वापरायला आकडे लागतात आणि ते बाहेरून मिळत नाहीत. लहान ठेकेदार, हॉटेलमालक, ग्रामपंचायत यांनी एक साधी वही ठेवली तरी पुरते: मागणीची तारीख, पैसे दिल्याची तारीख, पुरवठादाराने सांगितलेली तारीख, माल आल्याची तारीख आणि माल वापरात आल्याची तारीख. दोन हंगामांत प्रत्येक वस्तूचा खरा लीड टाइम आणि त्याची सर्वांत वाईट मजल दोन्ही समोर येतात. पुढच्या कामाचे वेळापत्रक करताना छपरापर्यंतच्या साखळीतल्या वस्तूंसाठी वाईट आकडा घ्यावा, बाकीच्यांसाठी सरासरी चालते. नवे काम डिसेंबरात सुरू करायचे असेल, तर ही वही आदल्या गणपतीत उघडावी.